पाइपांचे कपडे शिवणाऱ्या टेलरबाई

टेलरबाईंनी आपल्या हातांनी आपल्याच नवऱ्याची भट्टी विझवली, असं त्यांच्या गल्लीत अजूनही कोणी कोणी म्हणतं. वर 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' अशी पुस्तीही जोडतात. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. आणि अर्धी गोष्ट गावभर करणाऱ्यांना उरलेली अर्धी ऐकायला कधीच सवड नसते. ज्यांना आहे त्यांनी बसावं.

टेलरबाईंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला खिडकी, खिडकीशी मशीन, मशीनच्या मागे कापडं टाकायची लोखंडी खाट, आणि पडद्याआड स्वयंपाकघर. एके काळी त्या खाटेवर बसायला जागा नसे. शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशांचे ढीग लागत, आणि गिऱ्हाइकं खिडकीत उभी राहून 'आज नक्की ना?' म्हणून जीव खात. मग तयार कपड्यांची दुकानं आली. गिऱ्हाइकं पळाली नाहीत, पण काय घेऊन येत? उसवलेली बाही, अडकलेली चेन, लांब झालेली पँट. समोरची इस्त्रीवाली एकदा म्हणालीच, "बाई, तुम्ही आता शिंपी नाही राहिलात, कपड्यांच्या डॉक्टर झालात." टेलरबाई हसल्या खऱ्या, पण त्यांना ते लागलं. कोरं कापड अंथरून त्यावर पहिली कात्री चालवण्यात जे सुख असतं ते चेन बदलण्यात नसतं, आणि ज्याला हे सांगावं लागतं त्याला ते कळतही नाही.

त्यांचे यजमान गल्लीच्या टोकाच्या कारखान्यात बॉयलर चालवत. कापड रंगवायचा कारखाना तो. तिथे रंगाच्या टाक्या उकळायला वाफ, कापड वाळवायला वाफ, इस्त्री करायला वाफ. वाफ थांबली की सगळं थांबलं. बॉयलर दोन होते. एक नंबरवर माणसं आलटून पालटून येत. दोन नंबर मात्र यांचा. लोक त्यांना बॉयलरदादा म्हणत, आणि त्यांना ते आपल्या खऱ्या नावापेक्षा जास्त आवडे. रंगखात्याला आपल्यामुळे कधी वाफेसाठी थांबावं लागलं नाही, हे ते पाहुण्यारावळ्यांना, इस्त्रीवालीला, वेळप्रसंगी दाढी करणाऱ्यालाही सांगत. घरात कोणाला ताप आला तर ते कपाळाला हात लावण्याआधी विचारत, "किती दाब आहे?" माणूस सज्जन, पण बोलणं सगळं बॉयलरचं.

त्या बॉयलरजवळच एक मोठा व्हॉल्व्ह होता, उघडानागडा आणि तापलेला. बॉयलरदादांचा हात येता-जाता त्याला लागायचा. एक भाजलेलं बरं होतंय तोवर दुसरं. टेलरबाई मलम लावायच्या आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायच्या.

"अहो, तुम्हाला लांब बाह्यांचे सदरे शिवून शिवून मी थकले. शिवायला हवं ते त्या मेल्या व्हॉल्व्हलाच."

"शिव की मग," बॉयलरदादा थट्टेने म्हणाले.

बायकोला असं म्हणण्याआधी माणसाने विचार करावा. टेलरबाईंनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात सुतळी घालून दिली आणि व्हॉल्व्हची मापं गाठी मारून आणायला लावली. मग जुन्या रजईचे तुकडे काढले, आत कापूस भरला, वरून जाड टीप घातली, पुढे बटणं लावली. चाकासाठी गळा ठेवला. बेतलं होतं झकास. बॉयलरदादांनी लाजत लाजत, आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते व्हॉल्व्हला चढवलं.

दुपारपर्यंत कारखान्यात जळका वास सुटला. रंगखात्याला वाटलं, वाळवणीच्या यंत्रात कापड पेटलं. माणसं बादल्या घेऊन धावली, यंत्रं थांबली, साहेब चष्मा विसरून बाहेर आले. शेवटी धूर निघताना दिसला तो रजईच्या तुकड्यातून. मग जी हसाहशी झाली ती विचारू नका. बॉयलरदादांनी बॉयलरला लंगोट बांधला, ही बातमी ते घरी पोचायच्या आधी घरी पोचली. त्या संध्याकाळी ते पानावरून मान वर करीनात.

दोन दिवसांनी खिडकीत एक तरुण बाई उभी राहिली. हातात तोच करपलेला तुकडा. कारखान्यात नव्याने आलेली इंजिनिअर होती ती. वीज आणि वाफ कुठे वाया जाते ते शोधायचं तिचं काम, म्हणून कामगारांनी तिचं नाव बचतबाई ठेवलं होतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

"हे तुम्ही शिवलंत?"

"चुकलं हो माझं," टेलरबाई म्हणाल्या. "परत नाही शिवणार."

"अहो, परत शिवा म्हणायलाच आलेय. कापड चुकलं तुमचं. बेत अगदी बरोबर आहे."

बचतबाई खाटेवर बसली आणि तिने समजावून सांगितलं. सरळ पाइपांना जाड आवरण असतं. पण व्हॉल्व्ह, जोड, वळणं यांना दुरुस्तीसाठी सारखं उघडावं लागतं. उघडणारा आवरण फोडून फेकून देतो आणि पुन्हा कोणी घालत नाही. कोळसा जाळून केलेली वाफ रंगाच्या टाकीपर्यंत पोचेतो अशा शेकडो उघड्या जागांतून तिची ऊब हवेत जाते. "कारखान्यात इतकं उकडतं ना, तो उकाडा म्हणजे आमचा कोळसाच," ती म्हणाली.

"उघडावं लागतं म्हणून उघडंच ठेवायचं?" टेलरबाईंना हसू आलं. "मग बटणं कशाला असतात? आम्ही काय माणसांना कपड्यांत कायमचं शिवून टाकतो?"

"तेच तर मला पाहिजे," बचतबाई म्हणाली. आणि मुलगी सरळ होती, म्हणून पुढचंही तिने लपवलं नाही. वाफ वाचली की कोळसा वाचेल, आणि पुष्कळ वाचली तर एक दिवस दोन बॉयलरांची गरज उरणार नाही, हेही ती त्याच बैठकीत बोलली. टेलरबाईंनी ते ऐकलं. पण पिशवीतून तिने काचेच्या धाग्याचं पांढरंशुभ्र कापड काढून खाटेवर पसरलं होतं, आणि किती दिवसांनी त्या घरात कोरं कापड आलं होतं! त्यांचा हात आधी कापडावर गेला. काळजी नंतर आली.

ते कापड दिसायला देखणं, वागायला खाष्ट. अंगाला लागलं की खाज, सुया मोडायच्या, दोरा तुटायचा. पहिले काही दिवस टेलरबाई कोपरापर्यंत खाजवत होत्या आणि इस्त्रीवाली खिडकीतून खोबरेल तेलाची बाटली सरकवत होती. हळूहळू जमलं. हातमोजे घातले, तोंडाला रुमाल बांधला, जाड सुई आणली, न जळणारा दोरा मिळवला. बटणांऐवजी तारेचे आकडे लावले. आत काचेची लोकर भरून चौकटीच्या टिपा घातल्या, म्हणजे ती एका बाजूला गोळा होत नाही. रजई शिवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

मापं घ्यायला त्या स्वतः कारखान्यात जाऊ लागल्या. गळ्यात टेप, कानाला पेन्सिल, आणि पुढे बॉयलरदादा, नाखुशीने. "ह्याला घाल. ह्याला नको. ह्याला अर्धंच, खालचं मोकळं ठेव," असं ते पुटपुटत चालत, आणि टेलरबाईंना वाटे, माणूस कुरकुर करतोय. त्या खाली वाकून खूण करत आणि पुढे जात.

पहिले कपडे चढले त्या दिवशी बचतबाईने तिचा कॅमेरा आणला. त्यात उष्णता रंगाने दिसते. उघडा व्हॉल्व्ह पिवळाधमक, डोळ्यांना सोसेना. शेजारचा, कपडे घातलेला, निळा. टेलरबाईंनी पुन्हा पुन्हा पाहिलं. आयुष्यभर त्यांनी लोकांना कपडे घातले, पण आपल्या टाक्याने नेमकं काय केलं हे असं कोणी त्यांना कधी दाखवलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी खाज सुटली असं सांगून ते पुसले.

पण सुख बोचलं नाही तर ते सुख कसलं? आठवडा गेला नाही तोच बचतबाई चिंतेत आली. निळे व्हॉल्व्ह पुन्हा पिवळे दिसत होते. टेलरबाई जाऊन बघतात तो काय, त्यांच्या कपड्यांना कोणीतरी कात्रीने गोल भोकं पाडलेली! एकाला नाही, वाळवणी खात्यातल्या बहुतेक सगळ्यांना. नव्या सदऱ्याला कोणी पाठीवर भोक पाडावं तसं त्यांना झालं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. कारखान्यात जेवणाचे डबे तापवायची जागा हीच होती. सकाळी आलं की ज्याने त्याने आपला डबा आपल्या ठरलेल्या व्हॉल्व्हवर ठेवायचा, आणि सुट्टी झाली की गरम जेवायचं. या जागा वडिलोपार्जित असाव्यात तशा होत्या. कोणी निवृत्त झाला की त्याचा व्हॉल्व्ह कोणाला, यावर महिनाभर रुसवेफुगवे चालत. टेलरबाईंनी कपडे चढवले आणि अख्ख्या कारखान्याचं जेवण गार झालं. मग लोकांनी डब्याच्या मापाच्या खिडक्या पाडून घेतल्या.

टेलरबाई एकेक भोक तपासत दोन नंबरच्या बॉयलरपाशी आल्या. तिथेही एक होतं. सगळ्यांत नीट कापलेलं, कडांना दोरे सुटू नयेत म्हणून वरून वंगण लावलेलं. एका बाजूला किंचित चपटं. तशी चेपलेली कड एकाच डब्याला होती, आणि तो डबा त्यांनी सकाळीच स्वतः भरून दिला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "पहिलं भोक कोणी पाडलं?"

बॉयलरदादा दाबाच्या काट्याकडे बघत राहिले. "कोणीतरी सुरुवात केली असेल."

"माझीच कात्री नेली होतीत ना? तरी म्हटलं धार कशी गेली."

"मग काय करू? तूच म्हणतेस गरम खात जा. एवढी छान भाजी करून देतेस, ती गार खाऊ?"

यावर रागवायचं कसं? टेलरबाईंना हसू फुटलं, मग बचतबाईला, आणि मग बॉयलरच्या मागे लपून ऐकणाऱ्या वाळवणीवाल्यांनाही. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिघांनी बसून तोड काढली. वाफेचं काम झालं की तिचं गरम पाणी होतं, ते तोवर गटारात सोडत. बचतबाईला ते पाणी बॉयलरकडे परत आणायचंच होतं. तिने त्या परतीच्या नळीला वाटेत एक वेढा देऊन त्यावर पत्र्याचं कपाट बसवलं, बॉयलरदादांनी फळ्या लावल्या, आणि सगळ्यांचे डबे एका जागी तापू लागले. वारसाहक्क संपले म्हणून दोघं-तिघं थोडे दिवस फुगले होते, पण गरम जेवणापुढे फुगवा किती टिकतो? टेलरबाईंनी भोकांना ठिगळं लावली.

आणि मग, सगळं सुरळीत चाललेलं असताना, बॉयलरदादा गप्प झाले.

आधी टेलरबाईंच्या लक्षात आलं नाही. काम भरपूर होतं, खाट पुन्हा कापडांनी भरली होती. मग एका संध्याकाळी त्यांना जाणवलं की घरात बरेच दिवस कोणी दाबाची गोष्ट काढली नाही. विचारलं तर म्हणाले, "काढू काय? फावडं हातात घ्यायची वेळच येत नाही. एक नंबरवर सगळं भागतंय. माझा नुसता ऊब धरून बसलाय." मग ते म्हणाले, "तू एकेक टाका घालतेस आणि माझं एकेक फावडं कमी होतं." ते चिडून बोलले असते तर टेलरबाईंना भांडता आलं असतं. ते चिडले नव्हते.

राहिलं होतं ते एकच मोठं काम. वाळवणीकडे जाणारी वाफेची मुख्य नळी, तिच्यावरचे सगळ्यांत मोठे व्हॉल्व्ह. ते झाले की दोन नंबर बंद करायचा, असं साहेबांनी ठरवलं होतं. टेलरबाईंनी ते कपडे शिवले. शिवण त्यांना अर्धी टाकता येत नव्हती. पण शिवून झाल्यावर घड्या घातल्या, खाटेखाली ढकलल्या, वर जुनी चादर सोडली, आणि बचतबाईला निरोप धाडला की कापड अजून आलेलं नाही. जन्मात त्यांनी गिऱ्हाइकाला 'झालं' असं खोटं कितीदा सांगितलं असेल, सगळेच टेलर सांगतात. झालेलं असताना 'झालं नाही' म्हणायची ही पहिलीच वेळ. त्यांना त्या दिवसांत जेवण गोड लागत नव्हतं. शिवलेलं लपवावं लागतंय याचीही लाज होती, आणि लपवलं नाही तर या माणसाचं काय होईल याचीही भीती होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बॉयलरदादा मशीनला तेल द्यायला बसले. तेलाची कुपी घरंगळत खाटेखाली गेली. ते वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा हातात सगळ्यांत मोठ्या व्हॉल्व्हचा कपडा होता.

"हे कधी झाले?"

टेलरबाई खाटेवरची चादर सारखी करू लागल्या.

"अगं, कधी झाले?"

"झालेत केव्हाचे."

"मग दिले का नाहीस?"

"दिले की तुमचा बॉयलर जातो," टेलरबाई म्हणाल्या. "माझ्या हाताने नाही जायला पाहिजे. दुसऱ्या कोणाच्याही हाताने जाऊ दे."

बॉयलरदादा खाटेवर बसले. कपडा मांडीवर ठेवून त्यांनी टिपेवरून बोट फिरवलं.

"काल मी काय केलं माहीत आहे? आग पेटती ठेवली, वाफ केली, आणि कोणालाच नको म्हणून वरच्या नळीतून हवेत सोडून दिली. दिवसभर. खाली आपल्या हाताने कोळसा टाकायचा आणि वर आपल्या हाताने वाफ फेकायची. इतकी वर्षं मी त्या आगीपाशी उभा राहिलो ते यासाठी?" त्यांनी कपड्याची घडी घातली, शिंप्यासारखी नाही, पण प्रयत्न करून. "मला वाईट वाटेल म्हणून तू काम लपवलंस, याचं मला जास्त वाईट वाटलं. मी काही एवढा म्हातारा नाही की माझ्यासाठी खोटं बोलावं."

"मग तुम्ही काय करणार?"

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण नको असलेली आग मी पेटवणार नाही."

दुसऱ्या दिवशी सगळे कपडे खांद्यावर टाकून ते स्वतः कारखान्यात गेले. इस्त्रीवालीने विचारलं, "दादा, धुवायला नेताय की काय?" ते म्हणाले, "नेसवायला." शिडीवर चढून त्यांनीच ते चढवले आणि आकडे आवळले. त्या आठवड्यात दोन नंबर बंद झाला. भट्टीतली शेवटची राख ओढायला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. टेलरबाई बॉयलरच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. राख काढून झाल्यावर ते हात धुऊन आले आणि नेहमीसारखं "चल" म्हणाले. गल्लीभर चालताना टेलरबाईंनी रस्त्यात, सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला होता. जे त्यांनी लग्नानंतर कधी केलं नव्हतं ते त्या दिवशी केलं.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी बॉयलरदादांना फाटकावर बसवलं. खुर्ची, शिट्टी, पंखा. पण आगीपाशी उभं राहिलेल्या माणसाला खुर्ची चावते. फाटक उघडायचं, फाटक लावायचं. ते घरी येऊन म्हणत, "आज बावीस गाड्या आल्या," आणि पुढे सांगण्यासारखं काही नसे.

इकडे टेलरबाईंचं मात्र नाव होत होतं. त्या सुमारास सगळ्याच कारखान्यांना हे वारं लागलं होतं. काचवाले भट्टीच्या धुरातली ऊब पकडून तीच पुन्हा भट्टीला पाजू लागले होते. ओतकामवाल्यांनी जुनी भट्टी मोडून विजेची बसवली होती. पावाच्या कारखान्याने ओव्हनची फटी पडलेली दारं बदलली होती. इस्त्रीवालीनेसुद्धा कोळशाची इस्त्री माळ्यावर टाकली आणि आता 'अंगार उडत नाही बाई' म्हणून सगळ्यांना ऐकवत होती. दूध पावडरच्या कारखान्याने बचतबाईकडून पत्ता घेतला आणि टेलरबाईंना गाडी पाठवून बोलावून नेलं.

तिथे त्या एकट्याच गेल्या. मापं घेतली, कपडे शिवले, चढवले. तिसऱ्या दिवशी निरोप आला, पाइप ओरडतायत! जाऊन बघतात तर खरंच, नळ्यांमध्ये कोणी हातोड्याने ठोकल्यासारखे दणके बसत होते आणि माणसं लांब उभी राहून टेलरबाईंकडे बघत होती. त्यांनी कपडे तपासले. माप बरोबर, टीप बरोबर, आकडे घट्ट. त्यांना काही म्हणजे काही कळेना. परत येताना गाडीत बसल्या बसल्या त्यांना ते पुटपुटणं आठवलं. ह्याला घाल. ह्याला नको. ह्याला अर्धंच. आपल्या कारखान्यात एकही पाइप ओरडला नव्हता. त्याचं कारण आपली शिलाई, असं त्या समजून चालल्या होत्या, आणि ज्याचं श्रेय होतं तो माणूस फाटकावर गाड्या मोजत होता. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की घरी न जाता त्या तशाच कारखान्याच्या फाटकावर उतरल्या.

बॉयलरदादांनी खुर्चीतून न उठता सगळं ऐकून घेतलं.

"कुठेशी दणके बसतात? खालच्या बाजूला, छोट्या गोल डब्या असतात तिथे?"

"तिथेच. त्यांनाही मी घातले कपडे. कित्ती गोड दिसत होते!"

"गोड दिसत होते," बॉयलरदादांनी कपाळाला हात लावला. "अगं, त्या पाइपात साचलेलं पाणी बाहेर टाकतात. पाणी जरा गार झालं की डबी उघडते. तू तिलाही पांघरूण घातलंस. तिला गारवा लागणार कसा आणि ती उघडणार कशी? पाणी आत अडकलं, मागून वाफ धडका मारतेय. डब्या उघड्या ठेवायच्या. मी ओरडत होतो ना, ह्याला नको, ह्याला नको!"

"मला वाटलं तुम्ही कुरकुरताय."

"कुरकुरतच होतो. पण बरोबर कुरकुरत होतो."

टेलरबाई त्यांच्यासमोर फाटकाच्या दगडावर बसल्या. "मला बाहेरून मापं घेता येतात," त्या म्हणाल्या. "आत काय चाललंय ते मला दिसत नाही, तुम्हाला दिसतं. ही शिट्टी परत द्या आणि माझ्याबरोबर चला."

"कामाला म्हणून, की नवरा म्हणून?"

"दोन्ही. पण काम चुकलं तर नवरा म्हणून सोडणार नाही."

तेवढ्यात एक गाडी आली, ती त्यांनी आत घेतली, फाटक लावलं, आणि परत येऊन शिट्टी गळ्यातून काढली. साहेबांनी ती घेताना एवढंच विचारलं, "कुठे चाललात?" बॉयलरदादा म्हणाले, "बॉयलर बघायला."

दूध पावडरच्या कारखान्यात त्यांनी एकेका डबीचा कपडा काढला. पाणी फसफसत बाहेर पडलं आणि दणके एकामागून एक थांबले. मग ते टेप घेऊन पुढे आणि टेलरबाई पेन्सिल घेऊन मागे, असे दोघं राहिलेल्या व्हॉल्व्हची मापं घेत चालले. तिथल्या दुसऱ्या बॉयलरवर एक पिकल्या मिशांचा माणूस होता. तो बराच वेळ फावड्यावर हनुवटी टेकून त्यांच्याकडे बघत होता. शेवटी तो जवळ आला.

"दादा, तुम्हीपण बॉयलरवालेच ना? चालीवरून कळतं."

"होतो."

"मग खरं सांगा. हे सगळं झाकून झालं की माझा बॉयलर राहील का?"

टेलरबाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. तोंडदेखलं काहीतरी बोलून वेळ मारून न्यायला त्या तयारच होत्या, पण प्रश्न त्यांना नव्हता. बॉयलरदादांनी भट्टीच्या झरोक्यातून आत पाहिलं. आग छान होती, पिवळी, एकसारखी पसरलेली. जाणत्या हाताची होती ती, कोणाच्याही हाताची नव्हे.

"माझा नाही राहिला," ते म्हणाले. "मी राहिलो."

बॉयलरदादांनी मोठ्या व्हॉल्व्हचा कपडा उचलला, एक बाजू स्वतः धरली आणि दुसरी त्याच्यापुढे केली. "धर जरा. एकट्याने घातला की सैल बसतो." त्याने क्षणभर फावड्याकडे पाहिलं, मग ते भिंतीला टेकवलं आणि दुसरी बाजू धरली.